शेठजींच्या खालची फळी

बाबांनी मला एकच काम सांगितलं होतं, गप्प बसायचं. आणि नेमकं तेच मला जमत नाही, हे अख्ख्या धावड्याला माहीत आहे.

आधी जमायचं, बरं का. नववीपर्यंत मी हजेरीला "यस सर" इतकं हळू म्हणायचे की सर मला गैरहजर टाकायचे. मग यंदा पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलगी तापाने फणफणली, बाईंनी मला माईकपुढे ढकललं, आणि काय सांगू, मी सुटलेच! पाहुणे घड्याळ बघायला लागले तरी मी बोलतच होते. तेव्हापासून थांबलेले नाही. आई म्हणते, "अर्पे, तुझ्या तोंडाला एक झाकण करून घ्यावं लागतंय तांबटाकडून."

माझे बाबा धरणावर पाहुण्यांना मासे धरायला नेतात. पाहुणे म्हणजे संभाजीनगरचे, पुण्याचे हौशी लोक. टोप्या घालून येतात, डोंगराचे फोटो काढतात, दिवसभर गळ टाकून बसतात. रोहू नाहीतर कटला लागला की त्याला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. माझे चुलते कल्याणकाका यांना हे काही केल्या पटत नाही. "धरायचा, मुका घ्यायचा अन् सोडायचा! मंग धरायचा कशाला?"

पण मासा कुठे उभा असतो हे बाबांना बराबर ठाऊक. कारण जिथे आता पाणी आहे तिथे आधी आमचं चिंचबन होतं. धरणाचं पाणी डोंगरात शिरतं त्या खोऱ्याच्या तोंडाशी एक बोडकी चिंच अजून पाण्याबाहेर हात काढून उभी आहे. त्या खोऱ्यात मासा येतो म्हणजे येतोच. मोबाईलची रेंज मात्र येत नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "अर्पे, उद्या शेठजींना तू ने. मला पित्राचं सोडून येता येणार न्हाई. फेरी नीट झाली, तर रविवारची होडी तुझी."

मी उडीच मारली. काकांनी कपाळाला हात लावला. "पोरीच्या हातात वल्हं देऊन राह्यले भाऊ. उद्या काही झालं तर होडी मी चालवीन, सांगून ठेवतो."

"काय होतंय?" मी म्हणाले. "उन्हाळ्यापासून वल्हवते मी. तुमच्याहून सरळ जाते होडी माझी."

"बघा, कशी बोलून राह्यली."

बाबा मला बाजूला घेऊन गेले आणि तेव्हा मला ते एकच काम मिळालं.

त्याचं असं होतं. राधेश्याम शेठ म्हणजे नवीन जालन्यातले बियाण्यांचे मोठे दुकानदार. मारवाडी. घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही. आणि या माणसाला मासे धरायचा नाद! खात नाहीत, विकत नाहीत, नुसतं धरतात आणि सोडतात. पण घरी सांगणार कसं? म्हणून दर अमावस्येला घरी सांगून यायचे, "मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घालायला चाललो." त्यांच्यात हे मोठं पुण्याचं काम. घरून शेठाणीबाई स्वतः कणीक मळून द्यायच्या आणि इथे शेठजी त्याच कणकेत गळ लपवायचे. शेठाणीबाईंनी मळलेल्या कणकेला मासा जसा लागतो तसा दुसऱ्या कशालाच लागत नाही, असं बाबांचं मत.

आणि उद्या, पित्रांची अमावस्या म्हणून, शेठाणीबाई स्वतः येणार होत्या.

"शेठजीची गळाची काठी होडीतून काढून घरात ठेव," बाबा म्हणाले. "अन् तोंडातून एक शब्द काढू नको. शेठजीची अब्रू आपल्या हातात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी काढली मी. पण घरात पित्राचा स्वयंपाक. आईने मला उंबऱ्यातच अडवलं. "मासळीचा वास मारून राह्यला तिला. आजच्या दिवशी आत आणली तर तुझंच श्राद्ध घालीन." कोठा काकांच्या ताब्यात, त्याला कुलूप. मग मी काठी बारदानात गुंडाळली आणि परत होडीत, मागच्या फळीखाली सरकवून दिली.

शेठजी उतरले तेच घाबरलेले. एरवी गाडीतून उतरल्याबरोबर पाण्याकडे बघणारा माणूस आज पाण्याकडे पाठ करून उभा. मी होडी धरायच्या निमित्ताने कानाशी म्हटलं, "मागच्या फळीखाली हाय. तिथंच बसा." ते मागच्या फळीवर असे बसले, जशी कोंबडी अंड्यांवर बसते.

शेठाणीबाई, म्हणजे संतोषबाई, पुढे बसल्या. गोऱ्या, गोल, डोक्यावर पदर, हातात कणकेची भली मोठी पिशवी. "छोरी, तू चालवणार? तुझे पप्पा कुठंय?"

"पित्राला बसलेत, मावशी. काळजी करू नका. डोळे बांधून नेते तुम्हाला."

"डोळे उघडे ठेवूनच ने बाई."

खोऱ्यात पोचेपर्यंत मी त्यांना डोंगर दाखवला, बुडालेलं चिंचबन सांगितलं, करकोचे दाखवले, पंधरा ऑगस्टचं भाषणही थोडं म्हणून दाखवलं. मासे धरण्याचं सोडून जगातलं सगळं बोलले. शाब्बास अर्पिता, असं मनात चाललं होतं.

शेठाणीबाईंनी पहिली मूठ टाकली. काही नाही. दुसरी टाकली. नुसते गोल गोल तरंग. त्यांचं तोंड उतरलं. मग शेठजींनी न राहवून एक मूठ घेतली आणि बोडक्या चिंचेच्या अलीकडे, नेहमीच्या जागी फेकली.

पाणी उकळल्यासारखं झालं! लाल कल्ल्यांचे रोहू, ताटाएवढी तोंडं वासून कटले. त्यांना काय, दर अमावस्येची सवय.

"ओ मयंक के पापा!" शेठाणीबाईंनी हातच जोडले. "हे तर तुम्हाला ओळखतात! बघा, किती वर्षांचं पुण्य! आणि मी घरी म्हणत होते, हा माणूस देवाचं काही करत नाही."

शेठजींना ठसका लागला.

"तुम्ही पण करा ना गोळ्या." त्यांनी कणकेचा गोळा पुढे केला. शेठजींची बोटं आपोआप चालायला लागली. अंगठ्याने दाबून, एका टोकाला निमुळती, गळ बरोबर झाकेल अशी.

"हे काय लवंगेसारखं? गोल करा की!"

"हो हो," शेठजी म्हणाले, आणि पुढचीही निमुळतीच झाली.

मला हसू दाबताना पोटात दुखायला लागलं. आणि त्या हसण्यातच माझं चुकलं. बाबा म्हणतात, खोऱ्यात गेलं की अर्धं लक्ष माशाकडे, अर्धं मागे ठेवायचं. मी सगळं लक्ष पुढे ठेवलं होतं. मागून वारं सुटलं होतं. मी वळून पाहिलं तर आम्ही ज्या वाटेने आलो होतो ती वाटच नव्हती.

हिरवं शेत होतं तिथे.

जलपर्णी. पावसाळ्यात वरच्या नाल्यातून येते. लांबून बघाल तर म्हणाल, काय सुंदर, जांभळी फुलं. पण वाऱ्याने तिचा थर सरकत येतो तेव्हा आवाजसुद्धा करत नाही. तो थर खोऱ्याच्या तोंडातून आत आला होता आणि होडीच्या चारी बाजूंनी घट्ट बसला होता.

"काही नाही, आत्ता निघतो," मी म्हणाले आणि वल्हं घातलं. वल्हं खाली गेलंच नाही. जोर लावला तर आत गेलं आणि वर येईना. खालच्या मुळ्या केसांसारख्या गुंतलेल्या. ओढून काढलं तर हातभर लांब लेंडोळं त्याला लटकलेलं. होडी वीतभर पुढे गेली की पर्णी तिला ढकलून परत मागे आणायची. मी ढकलत राहिले, ती आणत राहिली. हाताला फोड आले.

"उतरून ओढता नाही का येणार?" शेठाणीबाईंनी विचारलं.

"न्हाई मावशी. मुळ्या पायाला धरतात. मागच्या साली इथंच एक म्हैस गेली."

त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मी हाका मारल्या, "ओ कोणी हाय का!" डोंगराने माझीच हाक मला परत दिली. गुराखीसुद्धा नव्हता. आज सगळं गाव पंगतीला. शेठजींनी मोबाईल वर धरला, डावीकडे धरला, उभे राहून धरला. "बसा जी, होडी हलते," बाई ओरडल्या, तसे ते परत फळीवर चिकटले.

भादव्याचं ऊन. बैलाचीसुद्धा पाठ पोळतं म्हणतात. सावली नाही, वारं आलं तर गरम, आणि त्या पर्णीचा कुजका, ओला वास. फुलांवर माशा घोंगावत होत्या. एक विरोळा पानांवरून सरसर आला, होडीच्या काठाला डोकं टेकवून आमच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. साप असून तो निघून गेला आणि आम्ही माणसं असून अडकलो होतो. शेठाणीबाईंनी राम राम सुरू केलं. पिण्याचं पाणी त्यांनी कणीक सैल करायला संपवलं होतं. आता चारी बाजूंनी कुजकं पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

आणि मला एक वाट दिसत होती.

बोडकी चिंच. तिच्या पलीकडे पाणी मोकळं होतं, चमकत होतं. काठीला मोठ्या माशाची जाड दोरी होती, शेवटी शिसं आणि तीन टोकांचा गळ. तो गळ चिंचेच्या बेचक्यात टाकायचा, दोरी ताणायची आणि होडीलाच माशासारखं ओढून न्यायचं. बाबांनी मागे एकदा केलं होतं. पण इतक्या लांब टाकायचं माझ्या हाताला जमणार नाही. शेठजींच्या हाताला जमेल. बाबा म्हणतात, शेठजी शिसं बशीत टाकतो.

मी शेठजींकडे पाहिलं. मग चिंचेकडे. मग त्यांच्या खालच्या फळीकडे.

त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. अगदी बारीक. नाही.

"थोड्या वेळात वारं फिरेल," ते मोठ्याने म्हणाले.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"फिरेल."

मी ओठ दातांत धरले. माझं कसं झालं होतं सांगू? होडी पर्णीत अडकलेली आणि शब्द माझ्या घशात. बाहेर काढला तर बाबांचा शब्द मोडतो, शेठजींची अब्रू जाते आणि रविवारची होडी काकांची होते. नाही काढला तर इथेच बसा. मला परत नववीतल्यासारखं वाटायला लागलं, आहे पण गैरहजर. शेठजी कपाळ पुसत होते, परत पुसत होते. त्यांच्या बुडाखाली सुटकेची वाट होती आणि ते तिच्यावर बसून होते.

सावली चिंचेच्या दुसऱ्या अंगाला गेली. वारं फिरलं नाही.

"मयंक के पापा," शेठाणीबाई हळूच म्हणाल्या, "मला डोळ्यापुढं काळं येतंय."

"उपास कशाला धरला मग?" शेठजी चिडून बोलले, पण आवाज कापत होता.

"तुमच्याच आई-वडिलांसाठी धरला."

आणि त्या एका बाजूला कलल्या. मी धरलं. अंग विस्तवासारखं आणि घाम मात्र नाही. ओढणी पाण्यात बुचकळून त्यांच्या डोक्यावर ठेवली. शेठजी उठले, बसले. हो, बसले! परत त्याच फळीवर. दोन्ही हातांनी तिची कड धरून.

मग माझं झाकण उडालं.

"शेठजी, उठा!" मी ओरडले. "उठा म्हणते ना! काठी काढा!"

"बेटा..."

"बेटा-बिटा काही न्हाई! मावशी मरतील इथं! उठा फळीवरून!"

ते उठले. कोणी कॉलर धरून उचलल्यासारखे. मी फळी काढली, बारदान ओढलं. काठी बाहेर आली. लांब, काळी, मुठीला शेठजींच्या हाताने पडलेली चकाकी.

शेठाणीबाईंनी अर्धे डोळे उघडून काठीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मी शेठजींच्या हातात काठी दिली आणि म्हटलं, "चिंचेचं बेचकं. बसवा तिथं."

पहिली फेक पर्णीतच पडली. त्यांनी दोरी गोळा केली, डोळे मिटून श्वास घेतला. आणि मग, खरं सांगते, मी शेठजींना तसं कधी पाहिलेलं नव्हतं. ढेरी आत गेली, खांदे मोकळे झाले, काठी मागून पुढे आली आणि दोरी हवेत गात गेली. टक्! शिसं बेचक्यात बसलं.

"बसलं!" मी टाळ्या वाजवल्या.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मागून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

शेठजी पाठमोरेच राहिले. दोरी वल्ह्याला गुंडाळून आम्ही दोघं ओढायला लागलो. होडी कुरकुरली. पर्णी फाटायला लागली. वीत, दोन वीत. यावेळी ती परत ढकलू शकत नव्हती.

"छोरी, तू सांग. हे मासे धरतात?"

सांगून टाकलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? "धरतात मावशी. अन् सोडून देतात. एक पण मारला न्हाई."

"माझ्या कणकेनं?"

"हो."

"गळ तोंडात टोचतो ना त्यांच्या?"

"टोचतो."

तेवढ्यात दोरी तुटली. होडी मागे हिसकली, आम्ही दोघं पडलो. शेठजींनी बसल्या बसल्या बारदानातलं दुसरं शिसं आणि गळ बांधायला घेतला. गाठ अशी पटकन बसली की शेठाणीबाई बघतच राहिल्या. नवरा पायजम्याची नाडी ओवायला त्यांना हाक मारतो म्हणे.

दुसऱ्यांदा गळ बसला तेव्हा त्या सरकत सरकत पुढे आल्या आणि वल्ह्याचं एक टोक स्वतः धरलं. तोंड पांढरंफटक होतं, पण आवाज आला होता. "ओढा! इतकी वर्षं मासोळ्या ओढल्या ना? आता बायकोला ओढा!"

चिंचेला हात लागला तेव्हा मी तिला मिठीच मारली. तिथून पायाने रेटा दिला आणि होडी मोकळ्या पाण्यात आली. एवढं मोकळं पाणी! किनाऱ्यापर्यंत फक्त माझ्या वल्ह्याचा आवाज.

किनाऱ्यावर बाबा आणि काका उभे होते, हातावर अजून खिरीचा वास. काकांनी तोंड उघडायच्या आत शेठाणीबाईंनी तांब्याभर पाणी प्यायलं, थोडं डोक्यावर घेतलं आणि होडीतून काठी उचलली. ती गाडीत मावेना. मग त्या मागच्या सीटवर बसल्या, खिडकी उघडली आणि काठी बाहेर काढून हातात धरून ठेवली, निशाणासारखी. भोकरदनच्या चौकातून, राजूरच्या बाजारातून, थेट जालन्यापर्यंत ती तशीच गेली असणार. शेठजी पुढे बसले होते. काच वर होती. पर्णीतून काढायला निदान एक चिंच होती, गाडीतून त्यांना कोण काढणार?

"बोलायचं न्हाई म्हणलं होतं ना?" बाबा म्हणाले.

"मंग मरू द्यायचं होतं का?"

तरी वल्ही काकांच्या कोठ्यात गेली आणि कुलूप लागलं. रविवार आले आणि गेले. मी काठावर बसून काकांची होडी वाकडी-तिकडी जाताना बघायचे. शाळेत बाई म्हणाल्या, "अर्पिता, आजकाल आवाज नाही तुझा?" काय सांगणार? बोलून होडी गेली, आणि तरी मला माहीत होतं की परत तशी वेळ आली तर मी परत बोलणार. हे जास्त त्रासाचं होतं.

दिवाळीची अमावस्या शेठ लोकांच्या लक्ष्मीपूजनाची. ती कोरडी गेली. कार्तिकातल्या अमावस्येला गाडी आली. खिडकीतून काठी बाहेर होती.

शेठाणीबाई उतरल्या. काका वल्ही घेऊन पुढे झाले. "तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "ती छोरी कुठंय? ओरडणारी?"

"शाळेत जायची हाय ती," बाबा म्हणाले.

"मग थांबते मी शाळा सुटेपर्यंत."

बाबांनी काकांकडे पाहिलं. मी दप्तरासकट मागेच उभी होते. काकांनी वल्ही माझ्या हातात दिली, देताना जरा जास्तच जोरात. शाळेचं मग बघू.

या वेळी काठी फळीखाली नव्हती, उघडी, शेठजींच्या मांडीवर होती. खोऱ्यात पोचल्यावर मी आधी मागे पाहिलं, मग पुढे. पर्णी लांब होती. शेठाणीबाईंनी दोरीचं टोक ओढून मला दाखवलं. शिसं होतं. गळ नव्हता.

"काढून टाकले सगळे," त्या म्हणाल्या. "माझा हात काही तिथपर्यंत पोचत नाही. यांचा पोचतो. म्हटलं, मोठ्या मासोळ्यांना पण जेवण मिळू दे. टाका जी."

शिशाभोवती कणीक दाबली आणि शेठजींनी काठी फिरवली. दोरी तशीच गात गेली, चिंचेच्या अलीकडे, बरोबर जागी. थोडा वेळ काही नाही. मग काठीचं टोक वाकलं. खूप वाकलं, जड मासा होता. शेठजींचा हात सवयीने झटक्यात वर गेला. दोरी सैल होऊन परत आली.

"गेलं पोटात?"

"गेलं," शेठजी म्हणाले.

"टाका अजून."

परत टाकलं. परत टोक वाकलं, परत हात वर गेला, परत दोरी मोकळी. त्यांनी हळूच माझ्याकडे मान वळवली.

"बेटा, वारं सुटलं का गं? निघायचं का?"

मी हवेत बोट धरून पाहिलं. "न्हाई शेठजी. बिलकुल न्हाई."

कणकेची पिशवी अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती.